आमचा निवृत्त खेळगडी

मराठी मध्यमवर्गीय घरात कोणत्याही वस्तूला एका जन्मात मोक्ष मिळत नाही. लुगड्याची गोधडी होते, गोधडीचं पायपुसणं होतं आणि पायपुसणं स्वतःच पुसून काढावंसं वाटू लागलं, की त्याचा उरलासुरला चौकोन स्कूटरच्या डिकीत जाऊन बसतो. बिस्किटाच्या डब्यात बिस्किटं असतील अशा भोळ्या समजुतीने जो पाहुणा झाकण उघडतो त्याच्या बोटाला सुई टोचते. आमच्या शेजारी एका निवृत्त कुलरच्या टाकीत गेली चार वर्षं कढीपत्ता वाढतो आहे, आणि कुलर असताना मिळाला नाही इतका गारवा आता मिळतो, असं शेजारच्या काकू शपथेवर सांगतात.

बल्लारपुरात तर हे नाव एक आणि काम दुसरं असलेलं प्रकरण कुणाला खटकतही नाही. कारण आमच्या गावाचीच दोन नावं. गावात राहाल तर बल्लारपूर, रेल्वेने याल तर बल्लारशाह. गोंड राजांची ही एकेकाळची राजधानी. वर्धेच्या काठावर किल्ला अजून उभा आहे. राज्य गेलं, पण राजाने 'शाह' हा शेवटचा तुकडा रेल्वेच्या ताब्यात देऊन ठेवला. हैदराबादकडून येणाऱ्या पाहुण्याला नुसतं 'बल्लारपूरला उतरा' म्हणून सांगितलं, तर तो पाट्या वाचत वाचत नागपूर गाठतो आणि तिथून फोन करतो.

अशा या गावात, आमच्या बैठकीत, टीव्हीच्या खाली एक काळं, जाडजूड, पाच किलो वजनाचं यंत्र बसलेलं आहे. त्याचं नाव प्लेस्टेशन ३. नावावरूनच कळतं की ते खेळण्यासाठी आहे. आमच्याकडे त्यावर कोणी खेळत नाही. त्यावर आईचा हरिपाठ लागतो, बाबांची नाटकं लागतात, कन्येच्या शाळेच्या सहलीचे फोटो लागतात आणि रविवारी दादा कोंडके लागतात. हल्लीच्या भाषेत याला 'मीडिया सेंटर' म्हणतात. आमची सौ. त्याला 'तो डबा' म्हणते. पण डब्यालाही आमच्या घरात केवढा मान असतो हे वर सांगितलंच आहे.

हे यंत्र जपानात २००६ च्या नोव्हेंबरात निघालं आणि २००७ साली भारतात आलं. किंमत जवळजवळ ४०,००० रुपये. त्या वेळी माझा बँकेतला पगार असा होता, की हे यंत्र घेतलं असतं तर पुढचे काही महिने आम्ही सर्वांनी खेळच खेळायला हवे होते, कारण जेवायला काही उरलं नसतं. सुदैवाने माझा साळा हैदराबादला संगणकाच्या नोकरीत आहे. त्याने ते घेतलं, मनसोक्त खेळला, आणि २०१४ साली पुढचं मॉडेल बाजारात आल्यावर जुनं टॉवेलात गुंडाळून आमच्याकडे घेऊन आला. "भाऊजी, भाच्यासाठी आणलं," म्हणाला. साल्याने दिलेल्या वस्तूबद्दल नवऱ्याने मत व्यक्त करायचं नसतं, हा संसाराचा पहिला नियम मी पाळला.

चिरंजीवही २००६ चे आणि यंत्रही २००६ चं, त्यामुळे दोघांचं फार जमलं. सात वर्षं आमच्या बैठकीत फुटबॉलचे सामने झाले, मोटारी उलटल्या आणि अनोळखी देशांतले अनोळखी लोक गोळ्या लागून पडले. मग दहावी आली. मराठी घरात दहावी ही एक आणीबाणीच असते, आणि तिच्यात सर्वप्रथम अटक होते ती करमणुकीला. यंत्र माळ्यावर गेलं. दहावी संपली तोवर बारावी आली. २०२४ साली चिरंजीव इंजिनिअर होण्यासाठी नागपूरला गेले आणि यंत्र माळ्यावरच राहिलं. बँकेत दोन वर्षं व्यवहार झाला नाही, की खातं 'निष्क्रिय' ठरतं. दहा वर्षं कुणी फिरकलं नाही, तर पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीकडे जातात. आमचं यंत्र पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेकडे निघालं होतं. रिझर्व्ह बँकेच्या जागी चौकातला भंगारवाला होता, एवढाच फरक.

ते वाचलं ते बाबांच्या नाटकामुळे.

झाडीपट्टीबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आमचा झाडीपट्टीचा मुलूख. धान कापून झालं, दिवाळी उरकली, की गावोगाव मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. वडशाला नाटक कंपन्यांचा मोठा अड्डा आहे. पुण्या-मुंबईचं नाटक लोकांची शेवटची लोकल चुकू नये म्हणून वेळेत संपतं. आमचं नाटक रात्री दहा-अकराला सुरू होतं आणि कोंबडा आरवल्यावर संपतं, कारण त्याआधी घरी जायला साधनच नसतं. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या बाबांनी घरातल्या सर्वांना स्वतःच्या हाताने पेढे वाटले. जणू किताबातला काही हिस्सा आमच्या पत्त्यावर आला होता.

त्याला कारण होतं. बाबा मूलकडच्या एका खेड्यातले. नोकरी लागण्याआधी दोन हंगाम त्यांनी गावच्या नाटकात काम केलेलं. मग बल्लारपूरच्या कागद कारखान्यात बांबूच्या यार्डावर ते लागले. हा कारखाना १९४५ चा. आमच्या जंगलातला बांबू आत जायचा आणि देशभरातल्या पोरांच्या वह्या होऊन बाहेर पडायचा. तिथे तीन पाळ्या. रात्रपाळी करणाऱ्या माणसाला रात्रभराचं नाटक कसं झेपणार? "भोंग्यानं नाटक खाल्लं," एवढंच बाबा म्हणतात. नोकरी संपली तेव्हा रात्री मोकळ्या झाल्या, पण गुडघे बांधले गेले. शामियान्यात जमिनीवर मांडी घालून सात तास बसणं आता त्यांना जमत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर गावाकडच्या चुलतभावाने मंडईचं अख्खं नाटक कॅमेऱ्यात घेतलं आणि पेनड्राइव्हमध्ये भरून पाठवलं. आमचा टीव्ही चांगला आहे, पण त्याला पेनड्राइव्ह म्हणजे काय हे ठाऊक नाही. मोबाइलवर दाखवलं तर बाबांना नायक आणि खलनायक एकाच आकाराचे, म्हणजे तांदळाएवढे दिसत होते. तेव्हा नववीतली कन्या स्टुलावर चढली, माळ्यावरून पाच किलोचा डबा उतरवला आणि म्हणाली, "आबाजी, याच्यात लागते."

असं करणारी ती जगातली पहिली नव्हे. मी पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, की खेळाच्या यंत्रांना दुसऱ्या कामाला जुंपण्याची जगात मोठी परंपरा आहे. २००१ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स काढला. तो खेळासाठीच होता; पण हौशी पोरांनी त्याचं कुलूप उघडून त्यात गाणी आणि सिनेमे लावणारा एक प्रोग्राम घातला. त्याचं नाव एक्सबीएमसी, म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर. हा प्रोग्राम इतका वाढला, की तो इतर संगणकांवर गेला, २०१० साली त्याने जुन्या एक्सबॉक्सशी संबंध तोडला आणि २०१४ साली नाव बदलून 'कोडी' असं घेतलं. सासरी गेलेल्या मुलीने आडनाव बदलावं तसं. पुढे २०१७ साली तो एक्सबॉक्सच्या नव्या पिढीकडे राहायला आला. माहेर शेवटी माहेर असतं.

आमच्या यंत्राची कुंडली तर याहून थोर निघाली. अमेरिकेत गौरव खन्ना नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००७ साली आठ प्लेस्टेशन जोडून त्यांच्यावर कृष्णविवरांची गणितं केली. अमेरिकेच्या हवाई दलाने २०१० साली १,७६० प्लेस्टेशन एकत्र बांधून चक्क महासंगणक उभा केला. याची बातमी मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. आई हरिपाठाची वाट पाहत बसली होती. ती म्हणाली, "त्यांच्याकडे सतराशे साठ लागले, आपल्याकडे एकात भागते." सतराशे साठ हा आकडा मराठीत कशासाठी वापरतात हे अमेरिकन हवाई दलाला कुणी सांगितलं नसावं.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, १ एप्रिल २०१० ला, कंपनीने या यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली घालण्याची सोय एका फटक्यात काढून टाकली. आम्हा बँकवाल्यांना या तारखेचं नवल वाटलं नाही. १ एप्रिलला कुठली सोय सुरू आहे आणि कुठली बंद, हे आमच्या काउंटरवरही कुणाला नीटसं ठाऊक नसतं.

असो. यंत्र सुरू झालं. पडद्यावर ओळीने चित्रं आली: फोटो, संगीत, व्हिडिओ, खेळ. खरी अडचण पुढे होती. या यंत्राला साधा रिमोट नव्हता. होता तो खेळायचा कंट्रोलर, दोन्ही हातांनी धरायचा. त्यावर चार बटणं: त्रिकोण, चौकोन, गोळा आणि फुली. कन्येने आबाजींना शिकवलं, "फुली म्हणजे हो. गोळा म्हणजे मागे जा."

बाबांनी नाटक निवडलं आणि गोळा दाबला. यंत्र मागे गेलं. पुन्हा निवडलं, पुन्हा गोळा. पुन्हा मागे. अर्धा तास झाला तरी नाटकाचा पडदा काही वर जाईना.

"मी हो म्हणतो तं हे मागं जाते," बाबा म्हणाले. "बैलापेक्षा अडेल दिसते."

"आबाजी, फुली दाबा ना."

"फुली म्हणजे चूक. शाळेत मास्तर चुकीवर फुली मारे. बरोबर असलं तं फुली काहून दाबू?"

मी या वादात पडलो नाही. वीस-बावीस वर्षं मी चेकवर आणि व्हाउचरवर बरोबरची खूण आणि फुली करत आलो आहे; फुलीला 'हो' म्हणणारा खातेदार माझ्याकडे आला असता, तर मी त्याला मॅनेजरच्या केबिनचा रस्ता दाखवला असता.

आणि गंमत पाहा. ही चिन्हं ज्याने काढली त्या तेइयु गोतो नावाच्या जपानी आरेखकाने २०१० साली एका मुलाखतीत त्यांचे अर्थ सांगितले. त्रिकोण म्हणजे पाहण्याची दिशा. गोळा म्हणजे हो, फुली म्हणजे नाही! जपानात शाळेतला मास्तरही बरोबर उत्तराला गोळाच करतो. यंत्र पश्चिमेच्या बाजारात गेलं तेव्हा तिकडच्या खेळांत फुलीचा 'हो' झाला, आणि आपल्याकडे आलं ते तिकडचं वळण घेऊन. म्हणजे मूलकडच्या खेड्यातला, चौथीपर्यंत शिकलेला माणूस आणि टोकियोतला आरेखक यांचं पूर्ण एकमत होतं. मध्ये फक्त बाजार आडवा आला. एवढंच नव्हे, २०२० साली प्लेस्टेशन ५ काढताना कंपनीने जपानातही फुलीलाच 'हो' करून टाकलं. आता खुद्द जपानी आजोबाही आमच्या बाबांच्या रांगेत बसले असतील.

पण मला सर्वांत आवडला तो चौकोनाचा अर्थ. गोतो म्हणतात, चौकोन म्हणजे कागद. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी कंट्रोलर डोळ्यांजवळ नेला, ते गुलाबी चौकोनी चिन्ह नीट न्याहाळलं आणि अंगठ्याने हळूच पुसलं. "कागद आहे म्हणता?" एवढंच म्हणाले. छत्तीस-सदतीस वर्षं ज्याने कागदासाठी बांबू मोजला, त्याला जपानच्या खेळण्यावर आपला कागद भेटला होता. त्या दिवसापासून 'हे पोरांचं यंत्र आहे' असं बाबा म्हणत नाहीत.

फुलीचा प्रश्न सौ.ने सोडवला. तिने आपल्या पाकिटातली एक हिरवी टिकली काढली आणि फुलीवर चिकटवली. "मामाजी, जिथे टिकली तिथे हो." जगातल्या एकाही आरेखकाला हे सुचलेलं नाही. टिकली दर पंधरा दिवसांनी बदलावी लागते. देखभालीचा खर्च एवढाच.

दुसरी अडचण चार जीबीची. हे यंत्र पेनड्राइव्ह वाचतं, पण पेनड्राइव्हची मांडणी जुन्या पद्धतीची, फॅट-३२ नावाची, असेल तरच. आणि त्या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसतच नाही. बँकेच्या माणसाला मर्यादेचं दुःख नसतं. एटीएमच्या रोजच्या मर्यादेवर आमचा निम्मा दिवस जातो. पण झाडीपट्टीचं नाटक चार जीबीत बसवणं म्हणजे बैलजोडी सायकलच्या कॅरिअरवर बसवण्यासारखं आहे. कन्येने संगणकावर त्याचे सात तुकडे केले. संगणकाला नाटकातलं काय कळतं? तिसरा तुकडा संपला तेव्हा खलनायकाचा हात वर होता आणि नायिका किंचाळायच्या बेतात होती. सात-आठ माणसं पडद्याकडे डोळे लावून बसलेली आणि पडदा काळा.

"चालते," बाबा म्हणाले. "आमच्या वेळीही असंच होये. ऐन टायमाले जनरेटर बंद पडे."

हो, सात-आठ माणसं. हे सांगायचं राहिलं. नाटक लागलं आहे ही बातमी गल्लीत गेली आणि कढीपत्त्याच्या काकू आल्या. त्यांच्यामागे कारखान्यातले बाबांचे जुने जोडीदार आले. त्यांतल्या एकांची मायबोली तेलुगू. बल्लारपुरात हे नवीन नाही. त्यांना नाटकातले विनोद अर्धे कळत होते, पण हसत होते पूर्ण. चौथ्या तुकड्यात एका पात्राचं वाक्य येण्याआधीच बाबा ते पुटपुटले. आधी हळू, मग स्पष्ट. नाटक तेच नव्हतं, पण रात्रभरच्या नाटकात नायकाचा बाप मुलाला घराबाहेर काढतो तेव्हा काय बोलतो, हे बाबांना गेल्या पन्नास वर्षांत विसरता आलं नव्हतं. मी बाबांचा आवाज पाळीवर जाताना, भाजी घेताना, माझी मार्कलिस्ट पाहताना ऐकला आहे. हा आवाज पहिल्यांदा ऐकला. त्यात धार होती, आणि शेवटच्या रांगेपर्यंत जाण्याची ताकद होती. यंत्रावर नाटक सात तुकड्यांत संपलं. बाबांचं मात्र रात्री दीडपर्यंत चाललं होतं.

तिसरी अडचण उन्हाची. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, बल्लारपूरच्या मे महिन्यापुढे त्याचं काही चालत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला, की आमच्या घरात लोकशाही संपते आणि कुलरशाही सुरू होते. कुलरच्या थेट झोताची जागा ही घरातली सर्वोच्च जागा, आणि ती वयाने बाबांची. २०२५ च्या मे महिन्यात एका दुपारी यंत्राचा पंखा असा घुमू लागला, की ग्रँड ट्रंक एक्सप्रेस बैठकीतून जात असावी. मी ते बंद करायला उठलो, तर बाबांनी हाताने थांबवलं. आपली खुर्ची उचलली, भिंतीकडे सरकवली आणि कुलरचा झोत यंत्रावर जाईल असं केलं. "त्याले गरम होते," म्हणाले आणि स्वतः पंचाने वारा घेत बसले. माझ्या लग्नाला एवढी वर्षं झाली. पण ती जागा बाबांनी जावयालाही दिलेली मी पाहिली नाही.

२०२५ च्या दिवाळीत चिरंजीव नागपूरहून आले आणि त्यांनी अर्थसंकल्प मांडला. नवा स्मार्ट टीव्ही घ्यावा, त्यात सर्व काही आतच असतं. हा डबा एका दुकानात द्यावा, पंधराशे रुपये मिळतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या अंगात घसारा चढला. मी वही घेतली. आयकराच्या हिशोबात संगणकाला आज ४० टक्के घसारा. 'हा संगणक कुठे आहे?' असं कुणी विचारलं असतं तर अमेरिकन हवाई दलाचा दाखला तयार होता. मूळ किंमत ४०,०००. पहिल्या वर्षी २४,००० उरले, दुसऱ्या वर्षी १४,४००. दहाव्या वर्षी २४२. आणि २००७ पासून अठरा वर्षं झाली तेव्हा पुस्तकी किंमत उरली ४ रुपये ६ पैसे. पंधराशेला गेलं तर १,४९५ रुपये ९४ पैसे निव्वळ नफा. इतका फायद्याचा व्यवहार माझ्या हातून नोकरीत कधी झालेला नाही. मी आकडा मोठ्याने वाचला.

बाबा कोपऱ्यात टिकली बदलत होते. मान वर न करता म्हणाले, "खेळ बंद झाला म्हून का घरातल्याले बाहेर काढतेत का?"

नाटकातला बाप बोलतो त्या आवाजात नाही, साध्याच आवाजात. पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला. चिरंजीवांनी मोबाइल खिशात ठेवला. मी वही मिटली.

वही मिटली खरी, पण त्यातलं एक सत्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. घसाऱ्याच्या दोन पद्धती असतात. एकीत दर वर्षी ठरावीक रक्कम वजा होते आणि एक दिवस वस्तू शून्य होते. नोकरीतून माणसाला काढतात ती ही पद्धत. दुसरीत उरलेल्यातून टक्के वजा होतात, आणि तिची मौज अशी, की किंमत कितीही घटली तरी शून्य कधीच होत नाही. घरात ही दुसरी पद्धत चालते. मला बँकेने घेतलं ते लेजर लिहायला. लेजर गेलं. आता मी आजीबाईंना मोबाइलवरून पैसे कसे पाठवायचे ते शिकवतो, विम्याची चौकशी करतो आणि प्रिंटरला पासबुक भरवतो. बाबांना घेतलं होतं बांबू मोजायला. ते आता हिरवी टिकली बदलतात. २०२१ साली सोनीनेसुद्धा या यंत्राचं ऑनलाइन दुकान बंद करायचं जाहीर केलं आणि लोकांनी ओरड केल्यावर महिनाभरात निर्णय मागे घेतला. मुदतवाढ जपानात मिळते, तर बल्लारपुरात का मिळू नये?

स्मार्ट टीव्हीचं पुढच्या दिवाळीला पाहू असं ठरलं. यंत्र आहे तिथेच आहे. सौ.ला मात्र त्याच्या पुढच्या जन्माची काळजी लागली आहे. कारण त्याची पाठ गोल आहे, आणि मध्यमवर्गीय घरात ज्या वस्तूवर दुसरी वस्तू ठेवता येत नाही तिचं पुढे कसं व्हायचं? लोणच्याची बरणी तिने दोनदा ठेवून पाहिली. घसरते.